मोटारीचा चातुर्मास

आषाढ शुद्ध १०, शके १८३३. गेवराई. दुपार.

ज्या क्षणी मोहनरावांनी मोटारीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि दाराआडून मनकर्णा म्हणाली की नीट सांबाळा तिला, त्या क्षणी माझं आयुष्य फिरलं. आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.

घडलं ते असं. मोहनराव देशमुख जमिनीच्या दाव्यासाठी हैदराबादला निघाले. अदालतीचं काम, दिवाळीपर्यंत तरी परत येत नाहीत. तोवर त्यांची विजेची मोटार मोटरखान्यात उभी राहणार. पाऊस लागला की आमची काळी माती बैलाचे पाय धरून ठेवते, तिथं रबरी चाकांची काय कथा.

मोटार घेतली ती बहिणीसाठी, सत्यभामाबाईंसाठी. बाईंच्या पोटात गाठ आहे. बैलगाडीच्या हिसक्यानं त्यांना घेरी येते, मागं बीडला नेताना अर्ध्या वाटेतून परत आणावं लागलं. पेट्रोलची मोटारसुद्धा थडथडते. ही विजेची मात्र तळ्यावरून बदक जावं तशी जाते. कार्तिकात हैदराबादचा मोठा डॉक्टर बीडच्या दवाखान्यात थोडे दिवस येणार आहे, तो गाठ काढील. गेवराई ते बीड वीस मैल. तेवढी वाट बिनहिसक्याची झाली की बाई वाचल्या.

आणि ती मोटार सांभाळायची मी. तालुक्यात सायन्स शिकलेला दुसरा आहे कोण? कॉलेज अर्ध्यात सोडलं ही गोष्ट खरी. पण प्रोफेसरनं चुकीचं शिकवावं आणि मी मान डोलवावी हे होणं नव्हतं. काचेचं भांडं माझ्या हातून निसटलं. फेकलं नव्हतं. त्याच्या दिशेनं निसटलं एवढंच.

मनकर्णा ही सत्यभामाबाईंची मुलगी. माझ्याच वयाची, एकविसाची. नवरा प्लेगात गेला, तेव्हापासून मायलेकी मोहनरावांकडं. देशमुखांत विधवेचा पाट, दुसरं लग्न, लागत नाही. लागेल. मी आहे.

आषाढ शुद्ध ११.

मुंबईच्या कंपनीचा पारशी मिस्त्री पेस्तनजी मोटारीबरोबर आला होता. जाताना मला सगळं सांगून गेला. बॅटरी नुसती उभी असली तरी आतल्या आत झिरपत राहते, म्हणून दर पंधरवड्याला मोहनरावांच्या जिनातल्या, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातल्या, इंजिनाला डायनामो जोडून तिला पोटभर वीज पाजायची. आतल्या शिशाच्या पट्ट्या पाण्याबाहेर उघड्या पडू द्यायच्या नाहीत, पावसाचं धरलेलं पाणी वरून घालत राहायचं. तारांच्या टोकांना त्यानं दिलेलं ग्रीस चोपडायचं. दिवे आणि घंटी उगाच वापरायची नाही. आणि रिकामी ठेवलीस तर पट्ट्यांवर पांढरं धरेल, मग ती मेली समज बावा, असं नाकासमोर बोट नाचवून म्हणाला.

मी म्हटलं, आय नो.

निश्चय केले. मोटार रोज पुसणे. पंधरवड्याला वीज देणे. इंग्रजी वाचन सोडू नये. राग आवरणे. मनकर्णेशी कार्तिकात बोलणे, तोपर्यंत मनातलं एक अक्षर बाहेर काढायचं नाही.

आषाढ वद्य ३. दिवेलागण.

हे मोटारीतच बसून लिहितोय, तिच्याच दिव्याखाली. घरी आई कंदील जवळ घेऊ देत नाही. म्हणते, राकेल काय तुजा बाप वरून धाडतोय का? विजेचा दिवा काय सुंदर! पांढरा, काजळी नाही, वास नाही. पेस्तनजी उगाच लावू नको म्हणाला होता. रोजनिशी मोटारीचीच आहे, म्हणजे हे उगाच नव्हे.

सकाळी मनकर्णा आडावर निघाली होती. घंटी ठीक आहे की नाही ते पाहावं म्हणून मी बटण दाबलं. ती दचकली, कळशी हिंदकळली. मग हसली. मला बघून हसली असं छातीवर हात ठेवून सांगतो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून सत्यभामाबाईंचा खोल आवाज आला, काय वाजलं गं? मनकर्णा म्हणाली, मोटार वाजली, आई. बाई म्हणाल्या, वाजली व्हय? म्हंजी जित्ती हाय माजी गाडी.

घंटीची तपासणी आता रोज करायची. रुग्णाला धीर येतो.

आषाढ अमावास्या. संध्याकाळ.

डोकं फिरलंय. 

वीज द्यायची म्हणून जिनात गेलो. पावसाळ्यात जिन बंद, इंजिन रामहरीच्या कुलपात. रामहरी म्हणजे इंजिनावरचा माणूस. उकिडवा बसून तंबाखू मळत होता. मी म्हटलं, इंजिन सुरू कर. तो वर न बघता म्हणाला, कावून बे?

मला बे! मी म्हटलं, तोंड सांभाळ, कुणाशी बोलतोस. तर म्हणतो, मंग काय हुजूर म्हनू? कालेजानं हाकललं ते हितं येऊन हुकूम सोडतंय.

पुढचं मला नीट आठवत नाही. त्याची तंबाखूची डबी माझ्या पायानं चिखलात गेली. रामहरीनं ती उचलली, धोतराला पुसली, कानाशी हलवून बघितली. मग थंडपणे म्हणाला, मालक मला बी सांगून गेलेत. इंजिन लावायला मी न्हाई म्हनत न्हाई. पर तुमी आदी नीट म्हना, रामहरीदादा, इंजिन लाव. मानसावानी मागा. तवर चाक हलत नसतंय.

मी मरेन पण म्हणणार नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

श्रावण शुद्ध ५.

नागपंचमी. आज कुणी नांगर धरत नाही, विळी घेत नाही, आईनं तवासुद्धा चढवला नाही. इंजिन लावायचं म्हटलं असतं तरी आज चाललंच नसतं. बरं झालं.

श्रावण शुद्ध ९. दिवेलागण.

शोध लागला!

आई चातुर्मास पाळते. एक वेळ जेवते. लोक म्हणतात वाळेल. पण कार्तिकी झाली की तीच बाई सकाळी रानात जाऊन दोन माणसांचं काम करते. का? चार महिने शक्ती खर्ची पडत नाही, साठते. देवसुद्धा आषाढीला झोपतो आणि कार्तिकीला ताजातवाना उठतो. मग बॅटरी वेगळी कशी असेल? दर पंधरवड्याला तिला हलवायचं, पाजायचं, पुन्हा निजवायचं. झोपलेल्या माणसाला असं केलं तर तो आजारी पडेल. मोटारीला चातुर्मास पाहिजे. पूर्ण विश्रांती. पेस्तनजी पारशी, त्याला चातुर्मास कुठून ठाऊक?

यात रामहरीचा काही संबंध नाही. तो आज पाया पडत आला असता तरी मी नको म्हटलं असतं.

माझ्या प्रेमाचंही हेच शास्त्र. रोज बोलून दाखवणाऱ्याचं प्रेम बोलण्यात झिरपून जातं. माझं बंद आहे. कार्तिकात जेव्हा बोलेन तेव्हा तिला सोसवणार नाही.

(दिवा आणि घंटी चालू ठेवतो. उपासाला फराळ चालतो.)

श्रावण वद्य २.

झाकण उघडून पाहिलं. पाणी खाली गेलंय, पट्ट्यांचे माथे दिसतात. घागरभर पावसाचं पाणी धरून ठेवलं होतं, ते शेजारच्या शेळीनं पिऊन टाकलं. शेळीला दगड मारला, तो शेजाऱ्याच्या माठाला लागला. भांडण. मी म्हटलं, शेळी काय आकाशातून पडली का? तो म्हणाला, तू पडलायस आकाशातून.

नवं पाणी धरलं नाही. उपासात पाणी कमी पितातच. निर्जळी झाली तर पुण्य जास्त.

श्रावण वद्य १४.

उद्या पोळा. आज खांदेमळणी. घरोघर बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळताहेत.

तारांच्या टोकांना ग्रीस लावायचं राहिलं होतं. डबी उघडली तर तळाशी थोडंसंच. मिशीला लावण्यात संपलं असावं. मिशी त्यानं फार छान बसते, आणि सकाळी मनकर्णा जाते तेव्हा मी मोटारीत बसलेला दिसतो, तर नुसती मोटार चांगली दिसून काय उपयोग?

मग सुचलं. बैल वर्षभर ओढतो, त्याच्या खांद्याला जे लागतं ते हिला का लागू नये? आईच्या मडक्यातलं लोणी घेतलं, हळद कालवली, प्रत्येक टोकाला चोळलं. पिवळीधमक दिसतेय. पेस्तनजीला हे सुचलं नसतं.

आईनं मडकं बघितलं. त्यावर काही लिहीत नाही.

भाद्रपद शुद्ध ४.

मुंग्या. मुंग्यांमागून उंदीर. दोन तारांचं कापड कुरतडलं. रागाच्या भरात उंदरावर पाना फेकला. उंदीर गेला, समोरचा एक दिवा फुटला. दुसरा आहे.

भाद्रपद शुद्ध ९. दिवेलागण.

आज मनकर्णा मोटरखान्याच्या दारापर्यंत आली! सोबत कुणी नाही. म्हणाली, आई इचारती, गाडीला येवढं दीस हुबं ऱ्हाऊन काय व्हत न्हाई ना? मी सगळी थिअरी समजावली. उपास, साठवण, देवशयनी. ती खांबाला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, आमाला त्यातलं काय कळतंय, तुमी शिकलेले. तुमी म्हनता तर आसंलच.

तुमी म्हनता तर आसंलच. एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नाही. प्रोफेसरनं नाही, आईनं नाही.  त्याच वेळी बोलून टाकावं असं वाटलं, जीभ उचललीही. मग संयम आठवला. साठवलं.

जाताना ती म्हणाली, आईला आता दूद बी पचत न्हाई.

दिव्याचा रंग पिवळसर झालाय. डोळ्यांना थंड वाटतो.

भाद्रपद वद्य ६.

घंटीचा आवाज मवाळ झाला. आधी कर्कश होती. विश्रांतीनं स्वभाव शांत होतो तो असा.

व्होल्टमीटरचा काटा खाली बसलाय. दमट हवेनं गंजला असणार. टिचकी मारली तर थोडा हलतो नि पुन्हा बसतो. आळशी.

झाकण उघडलं. पट्ट्यांवर पांढरी पूड धरलीय, विभूती फासल्यासारखी. तप चाललंय त्याची खूण. पेस्तनजी पांढऱ्याविषयी काहीतरी म्हणाला होता, पण तो रिकाम्या बॅटरीविषयी म्हणाला होता. ही रिकामी नाही, उपाशी आहे.

आश्विन शुद्ध ९.

खंडेनवमी. हत्यारांची, अवजारांची पूजा. मोटारीला झेंडूचा हार घातला. मनकर्णा बाहेर भिंतीशी उभी राहिली, पूजेला विधवा नको म्हणून. मी सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हटलं, आत या, पूजा तुम्हीच करायची, मी असलं काही मानत नाही. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मनकर्णेचा चेहरा उतरला, ती मान खाली घालून निघून गेली. समाज अजून मागासलेला आहे.

मागाहून एकटी आली. पूजेचं बोललीच नाही. विचारलं, चालंल ना वो? मी म्हटलं, गॅरंटी. तिला गॅरंटी कळलं नाही. म्हणाली, म्हंजी चालंल ना? मी काटा दाखवला. काटा भरलेल्या खुणेवर उभा होता.

तो मी सकाळी काच काढून बोटानं तिथं आणून ठेवला होता आणि मागं मेणाचा थेंब लावला होता. यात फसवणूक नाही. काटा बिघडलेला होता. शक्ती आत आहेच, काट्याला दाखवता येत नाही एवढंच. मी त्याला मदत केली.

ती काट्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले. सुखानं.

आश्विन वद्य ७.

सकाळी बटण दाबलं. टक्. एवढाच आवाज. पुन्हा दाबलं, काहीच नाही. मनकर्णा कळशी घेऊन थांबली, मोटरखान्याकडं बघितलं, गेली.

भिंतीपलीकडून सत्यभामाबाई म्हणाल्या, आज वाजली न्हाई गं. 

दिवसभर जेवण गेलं नाही.

आश्विन वद्य ८.

वाजली!

म्हणजे, सोय केली. आईच्या देव्हाऱ्यातली पितळी घंटा शर्टाखाली घालून आणली. दार लोटून घेतलं, मोटारीत खाली वाकलो आणि मनकर्णा आडाकडं निघाली तेव्हा वाजवली. घंटेची जीभ बोटानं थोडी धरून, म्हणजे मोटारीसारखी वाटावी.

बाईंचा आवाज आला, वाजली गं बया. मनकर्णा म्हणाली, व्हय आई, वाजली.

घंटीतला दोष बॅटरीचा नव्हे. उंदरांनी तिची तार तोडली असणार. कार्तिकात सगळं नीट करीन. तोवर बाईंचा धीर सुटायला नको.

हे कंदिलाजवळ लिहितोय. दिव्याला विश्रांती दिली.

आश्विन वद्य ३०. लक्ष्मीपूजन.

आई घंटा शोधतेय. म्हणते, देवाची घंटा चोरनारा कोन मेला आसंल, त्याचं तळपट होवो. सणाच्या दिवशी असं बोलू नये.

मनकर्णेनं फराळाचं ताट पाठवलं. चकली एकच होती, पण मोठी. सत्यभामाबाई आता उठून बसत नाहीत. ताट आणणारी मोलकरीण सांगत होती की रोज सकाळी घंटी होईपर्यंत त्या कुणाला बोलू देत नाहीत, कान देऊन पडून असतात. मोठी जबाबदारी आहे माझ्यावर. सणाचं दोनदा वाजवली.

कार्तिक शुद्ध १२.

देव उठले. तुळशीचं लग्न लागलं. चातुर्मास संपला.

किल्ली फिरवली. दांडा पुढं ढकलला. काही झालं नाही. चार महिन्यांची झोप आहे, उठायला वेळ लागणारच.

दुपारी पुन्हा. काही नाही.

संध्याकाळी पुन्हा. मोटारीशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

कार्तिक पौर्णिमा.

मोहनरावांचा माणूस घोड्यावरून आला. डॉक्टर परवा बीडला पोचतो आणि आठवड्यानं निघून जाईल. मोहनराव त्याच्याबरोबरच येताहेत. निरोप असा की बद्रीनाथला सांगा, बाईला मोटारीत घालून परवा सकाळी निघ, आम्ही दवाखान्यात वाट बघतो. पोरावर माझा भरवसा आहे.

मेण काढलं. काटा पडला.

कार्तिक वद्य १. संध्याकाळ.

उजाडताच जिनात गेलो. रामहरी नाही. पेरणीला गावी, चकलांब्याला. भाड्याच्या तट्टावर बसून निघालो. बसता येत नाही, दोनदा पडलो. तो रानात तिफणीमागं चालत होता. मी बांधावर उभा राहिलो. वाटेत भाषण तयार केलं होतं, मोहनरावांचा हुकूम, परिणामांना तू जबाबदार, वगैरे. तोंडातून निघालं ते एवढंच, रामहरीदादा, इंजिन लाव.

तो थांबला. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, आरं, येवढंच व्हतं की बे. आसाडात म्हनला आसतास तर? तिफण तशीच सोडून माझ्याबरोबर निघाला. वाटेत एकदाच बोलला. म्हणाला, मी बी लई ताणलं. मला वाटलं येशील आज, येशील उद्या.

बॅटरी मोटारीतून काढून गाडीवर घालून जिनात नेली, इंजिन लावलं, डायनामो जोडला. बॅटरी फसफसायला लागली, मग तापली, मग नाकात झोंबणारा वास. मी आडाचं पाणी ओतलं. वाफ. रामहरी म्हणाला, हिला प्यायला देतोय तर ही ओकतीय. इंजिन चालूच ठेवलंय. त्याची धडधड इथवर ऐकू येतेय. सकाळपर्यंत भरेल. तिच्यात ताकद आहे, नुसती अडकलीय. भरेल.

कार्तिक वद्य २. दुपार.

पहाटे बॅटरी परत मोटारीत बसवली. सकाळी बाईंना बाजेवरून आणलं. केवढ्याशा झाल्यात. मागच्या आसनावर गादी, वर उशी. मनकर्णा पायाशी बसली. आळीतली माणसं जमलेली. रामहरी बाजूला उभा, टोपी हातात.

मला एकच भीती वाटत होती की बाई म्हणतील, निघायच्या आधी घंटी वाजव. त्या म्हणाल्या नाहीत.

किल्ली फिरवली. दांडा पुढं केला. मोटार हलली! खरंच हलली. उंबऱ्यापर्यंत आली, पुढची चाकं उंबऱ्याला टेकली आणि थांबली. लोकांनी ढकलून उंबरा पार केला. उताराला थोडी गेली. मग नाही. दांडा पुढं, मागं, पुढं. कुणीतरी म्हणालं, बैल जुंपा हिला. कुणीतरी हसलं. मी उडी मारून त्याची गचांडी धरली. रामहरीनं मला मागून ओढलं, म्हणाला, हानामारी नंतर कर रे, बाई हायेत आत.

वळून बघितलं तर सत्यभामाबाई माझ्याकडंच बघत होत्या. म्हणाल्या, ऱ्हाऊ दे लेकरा.

सटवा गाडीवानानं बैलगाडी आणली. रामहरीनं जिनातला उरला कापूस पोत्यांनी आणून गाडीत अंथरला, हातभर जाड. बाईंना त्यावर निजवलं. मनकर्णा चढली. माझ्याकडं बघितलं नाही. घाईत नसावी सवड.

कापूस जाड आहे. हिसके लागायचे नाहीत. सटवा सावकाश नेईल. डॉक्टर आठवडाभर आहेच. उद्या निरोप येईल की गाठ निघाली.

कार्तिक वद्य ३.

पाडळशिंगीच्या अलीकडं, ओढ्याच्या उतारावर. सटवा म्हणतो, ओरडल्या नाहीत. मनकर्णेचा हात धरून होत्या, तो सुटला तेव्हा कळलं.

गाडी तिथूनच माघारी फिरवली, संध्याकाळी इथंच मसणवट्यात नेलं. मोहनराव बीडहून घोडा मारत आले. अग्नी दिल्यावर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मारतील असं वाटलं, मारावं असंही वाटलं. त्यांनी नुसता हात पुढं केला. किल्ली मी त्यांच्या हातावर ठेवली. ती मुठीत घेऊन गेले.

कार्तिक वद्य १३. सकाळ.

मोटार पुन्हा मोटरखान्यात ढकलून ठेवलीय. मी आत बसलो होतो. बॅटरी नवी बसवता येईल का याचा विचार करत होतो. मुंबईला लिहिलं तर येईल. मोहनरावांशी नीट बोललं पाहिजे, शास्त्र समजावून सांगितलं पाहिजे. मनकर्णेशीही. दुःख थोडं ओसरू द्यावं, मग चैत्रात…

तेवढ्यात ती आली. आईची उशी मोटारीत राहिली होती. उशी घेतली, पोटाशी धरली. मी उठलो. चार महिने साठवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं, तर त्यातलं काहीच सापडेना. शेवटी म्हटलं, घंटीची तार उंदरांनी तोडली होती.

ती म्हणाली, आईला दिवाळीच्या आदीच कळलंवतं. म्हनली, ही देवाची घंटा हाय गं, मोटारीची न्हाई. मोटार गेली. मी म्हनलं, मी जाऊन इचारते त्याला. तर म्हनली, नगं. वाजवतंय बिचारं माज्यासाटी, वाजवू दे.

मी आसनाखालची घंटा टाचेनं आत सरकवली.

ती म्हणाली, मी आईला म्हनलं, तू तापात बोलतीस. मी सोता काटा बघितलाय. वेळ व्हता तवा पालखी केली आसती, मानसं लावून खांद्यावरनं नेली आसती. आई म्हनत व्हती, पालखी सांगा. मीच म्हनलं, कावून, मोटार हाय की.

मग उशी घेऊन गेली. आडावरून नाही, दुसऱ्या वाटेनं.

पालखी. वीस मैल, आठ-दहा माणसं, आळीपाळीनं. मला सुचलं नाही. कुणी सुचवलं असतं तर मी काय म्हणालो असतो तेही ठाऊक आहे.

पुढचं पान मोकळंच राहू दे. घंटा आसनाखालून काढली, ती घरी नेऊन देवापाशी ठेवायची. आई विचारील. रस्त्यात वाजू नये म्हणून तिची जीभ उजव्या मुठीत धरलीय, म्हणून हे डाव्या हातानं, वेडंवाकडं.

उठतो. बाहेर पडतो. दार ओढून घेतो.